माथेरानची वाट आणि मुलांची चाल

'हवापालट' हा शब्द आता डॉक्टरांच्या चिठ्ठीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. एके काळी तो औषधाच्या नावाइतकाच वजनदार होता. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला वैद्य आणि डॉक्टर महिना-पंधरा दिवस पाचगणीला, महाबळेश्वरला किंवा माथेरानला जाऊन राहण्यास सांगत. पुढे प्रतिजैविके आली, लसी आल्या, तपासण्यांची साधने आली आणि हवापालटाची जागा गोळ्यांनी घेतली. ते योग्यच झाले. क्षयरोग डोंगरावरच्या हवेने नव्हे, औषधांनी बरा होतो.

तरीही गेली काही वर्षे दवाखान्यात बसल्यावर हा जुना शब्द मला वारंवार आठवतो, आणि तो मोठ्यांसाठी नव्हे, तर मुलांसाठी. सहा-सात वर्षांच्या वयात लागलेला उणे नंबरचा चष्मा, वयाच्या मानाने वाढलेले वजन, रात्री उशिरापर्यंत न येणारी झोप, जुनाट बद्धकोष्ठ, दोन जिने चढताच लागणारी धाप, या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांच्या दिनक्रमात एक गोष्ट सारखी आढळते. ही मुले उघड्या आकाशाखाली फार थोडा वेळ असतात. आणि जो वेळ असतात त्यात ती स्वतःच्या पायांनी फारशी चालत नाहीत. अशा कुटुंबांना मी एक ठिकाण आवर्जून सुचवतो. ते नवे नाही, दुर्गम नाही, फारसे महागही नाही. ते आहे माथेरान.

माथ्यावरचे रान

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ होऊन कोणाला त्रास होत नाही. तसा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर संभवतो. त्यामुळे लहान मुले आणि आजी-आजोबा या दोघांनाही हा डोंगर मानवतो. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी या नावाची फोड सांगितली जाते आणि ती डोळ्यांना पटतेही. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले. त्यानंतर मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि धनिकांनी येथे बंगले बांधले. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट आणि लांबी सुमारे २१ किलोमीटर अशी ही गाडी वळणावळणांनी डोंगर चढते.

परंतु माथेरानचे खरे वैशिष्ट्य हे की तेथे खासगी मोटारींना प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यापाशी मोटार ठेवावी लागते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने कापायचे. अलीकडे तेथे मोजक्या ई-रिक्षाही धावू लागल्या आहेत. रुग्णवाहिकेला अर्थातच मुभा आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हापासून या जुन्या प्रथेला कायद्याचेही बळ मिळाले.

पर्यटकाला ही गैरसोय वाटते. मला डॉक्टर म्हणून ती देणगी वाटते. आपल्या शहरांत रस्त्यावर मूल असले की त्याचा हात घट्ट धरावा लागतो. मागून काय येईल याचा नेम नसतो. माथेरानच्या तांबड्या वाटेवर घोड्याच्या टापांकडे आणि अधूनमधून येणाऱ्या ई-रिक्षाकडे लक्ष ठेवले की पुरे. मुलाचा हात सोडता येतो. हात सोडलेले मूल कसे चालते, हे अनेक पालकांनी निवांतपणे कधी पाहिलेलेच नसते.

मुलांची चाल

मोठ्यांचे चालणे ठिकाणाकडे असते. मुलांचे चालणे वस्तूंकडे असते. ती दहा पावले धावतात, दोन मिनिटे थांबतात, मागे जातात, वाकतात, काहीतरी उचलतात आणि पुन्हा धावतात. मोठ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हाच मुलांचा स्वाभाविक व्यायाम आहे. थोडा जोर, थोडी विश्रांती, पुन्हा जोर. खडबडीत, चढउताराच्या वाटेवर घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू सतत लहान-लहान दुरुस्त्या करत राहतात. तोल सांभाळण्याची जाण सपाट फरशीवर तयार होत नाही. ती अशाच वाटांवर तयार होते.

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरीस माझी भाची, तिचा नवरा आणि त्यांची दोन मुले यांच्यासमवेत मी माथेरानला दोन रात्री राहिलो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. मुलाला दमा आहे. तीन वर्षांचा असताना त्याला एकदा मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले होते आणि त्या रात्रीची भीती माझ्या भाचीच्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून त्याला धावू द्यायचे नाही, मातीत खेळू द्यायचे नाही, थंड हवेत न्यायचे नाही, असा घरचा दंडक झाला होता. मुलगा नियमित औषध घेत होता, त्याचा दमा आटोक्यात होता, रात्रीचा खोकला कित्येक महिन्यांत नव्हता. तरीही तो शाळेच्या मैदानावर कडेला बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. दमा हे मुलाला बसवून ठेवण्याचे कारण नाही. नीट आटोक्यात असलेल्या दम्याच्या मुलाने इतरांसारखेच धावावे, पोहावे, डोंगर चढावा. थोडे धावल्यावर मुलाला खोकला येत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर खेळणे बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपला दमा पुरेसा आटोक्यात नाही, असे ते शरीर सांगत असते. अशा वेळी डॉक्टरांकडून उपचारांचा फेरविचार करून घ्यावा.

निघण्यापूर्वी त्याच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला होता. श्वासनळ्या चटकन मोकळ्या करणारा पंप आणि स्पेसर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. हमालाकडे दिलेल्या सामानात नव्हते. हा फरक बारीक वाटला तरी फार महत्त्वाचा आहे.

दहा मिनिटांचा थांबा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारातून शार्लोट तलावाकडे निघालो. याच तलावाचे पाणी गावाला पुरवले जाते. तेथून पुढे लुईझा पॉइंटला जायचे होते. नोव्हेंबरातील सकाळ, झाडांतून तिरपे येणारे ऊन, पायाखाली जांभ्या दगडाची तांबडी माती. मुलीने वाटेत भेटणाऱ्या घोड्यांची मोजणी सुरू केली. एका घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गॅसच्या टाक्या बांधलेल्या होत्या. भाजी, पीठ, विटा, सारे काही घोड्यावरून किंवा माणसाच्या डोक्यावरून येथपर्यंत येते, हे कळल्यावर ती काही वेळ गप्प चालत राहिली. आदल्या रात्री ताटात तिने टाकलेल्या पोळीची तिला आठवण झाली असावी. कारण दुपारी ताट स्वच्छ होते.

एका वळणावर पाच-सहा घोडे दुडकत गेले आणि वाटेवर धूळ उडाली. मुलगा खोकू लागला. भाचीचा चेहरा क्षणात उतरला.

"मामा, परत फिरू या. रिक्षा मिळेल ना इथे?"

मी मुलाला वाटेपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला एका कातळावर बसवले. छातीला कान लावला. किंचित शीळ ऐकू येत होती, पण तो पूर्ण वाक्य बोलू शकत होता, ओठांचा रंग चांगला होता, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात नव्हती. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात स्पेसरमधून पंप दिला आणि म्हटले, "दहा मिनिटे बसू. मग ठरवू."

ही दहा मिनिटे त्या सहलीतील सर्वांत मोलाची ठरली. बसल्या बसल्या मुलाची नजर शेजारच्या झाडाच्या खोडावर गेली. खोडावर राखाडी-हिरवट, कडेला झालर असलेले चट्टे होते.

"आजोबा, या झाडाला काय झालंय? खरूज?"

झाडाला काही झालेले नव्हते. ते लायकेन होते. बुरशी आणि शैवाल या दोघांनी मिळून थाटलेला तो संसार असतो. शैवाल उन्हापासून अन्न तयार करते, बुरशी त्याला आधार देते आणि ओलावा धरून ठेवते. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हे याच जातकुळीतले. हे ऐकताच मुलीने नाक लावून वास घेतला आणि आजीच्या मसाल्याच्या डब्याशी तो ताडून पाहिला. मग मी मुलाला आणखी एक गोष्ट सांगितली. हवेत गंधकाचा धूर वाढला की झालरीची अशी लायकेन तगत नाहीत. म्हणून खोडावर ती भरपूर दिसली तर समजावे की इथली हवा बरी आहे.

"म्हणजे झाडालाही दमा होतो?" त्याने विचारले.

शास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न सदोष होता, परंतु त्याच्या दृष्टीने तो अगदी अचूक होता. आपल्या छातीशी ज्या गोष्टीचा संबंध आहे ती गोष्ट झाडाच्या सालीवरही लिहिलेली असते, हे त्याला त्या दिवशी उमगले.

त्याच कातळाच्या आडोशाला, जेथे पाऊस पोहोचत नाही अशा भुरभुरीत मातीत, नरसाळ्याच्या आकाराचे इवलेसे खड्डे होते. तळाशी एक अळी मातीत लपून बसलेली असते आणि घसरून आलेली मुंगी ती जबड्यात पकडते. मुलाने गवताच्या काडीने एका खड्ड्याच्या काठावर हलकेच माती सरकवली. आतून मातीचा फवारा उडाला. तो हसला, मोकळेपणाने, पोटातून. माझा कान पुन्हा त्याच्या छातीशी गेला. शीळ थांबली होती.

"आता काय करायचे?" मी भाचीला विचारले. निर्णय तिचा होता. ती काही क्षण मुलाकडे पाहत राहिली. नंतर तिने ओढणी ओली करून त्याच्या नाका-तोंडाभोवती सैलसर बांधली आणि म्हणाली, "चला पुढे. पण घोडे आले की बाजूला व्हायचे." लुईझा पॉइंटपर्यंत तो चालत गेला, चालतच परत आला. समोर प्रबळगडाचा पसरलेला माथा दिसत होता, परंतु त्याचे त्याला फारसे अप्रूप वाटले नाही. खड्ड्यातल्या अळीबद्दल मात्र तो रात्रीपर्यंत बोलत होता.

या एका सकाळीने त्याचा दमा गेला नाही. त्याची रोजची औषधे आजही चालू आहेत आणि राहायला हवीत. बदलले ते घरातले वारे. भाची आता त्याला संध्याकाळी मैदानावर खेळायला पाठवते. पंप त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि तो कसा घ्यायचा हे त्याच्या वर्गशिक्षिकेलाही ठाऊक आहे.

दूरचे पाहण्याची सवय

मुलीची गोष्ट वेगळी. तिला सात वर्षांची असतानाच चष्मा लागला होता. निकटदृष्टिता, म्हणजे जवळचे स्वच्छ आणि दूरचे अस्पष्ट दिसणे, ही मुलांमध्ये वाढत चाललेली व्याधी आहे. घरातल्या दिव्यांचा प्रकाश काही शे लक्स असतो. उघड्यावर, झाडाच्या सावलीतही, तो बहुधा काही हजार लक्स भरतो. हा भरपूर उजेड डोळ्याच्या पडद्यात अशी रसायने जागवतो की नेत्रगोलाची अवाजवी लांबी वाढण्यास आळा बसतो, असे मानले जाते. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे अभ्यास झाला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. त्या शाळांत नव्याने निकटदृष्टिता आलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्के आढळले. लागलेला नंबर उन्हात फिरल्याने उतरत नाही. परंतु ज्यांना अद्याप चष्मा लागलेला नाही अशा धाकट्या भावंडांसाठी हा आकडा पालकांनी लक्षात ठेवावा.

माथेरानला संध्याकाळ लवकर शांत होते. मोटारींचे दिवे नसल्याने बाजारापासून थोडे दूर गेले की आकाश काळेभोर दिसते. कार्तिक नुकताच सुरू झाला होता. चंद्रकोर लवकर मावळली होती. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येत होता. ज्या नक्षत्रावरून कार्तिक महिन्याला नाव मिळाले ते हेच, असे सांगून मी मुलांना त्यातले तारे मोजायला लावले. मुलाला सहा दिसले. मुलीला चष्म्यातून आधी एकच धूसर ठिपका दिसला, मग डोळे अंधाराला सरावल्यावर पाच दिसले. "माझा नंबर वाढलाय का, आजोबा?" तिने विचारले. परतल्यावर डोळे तपासले, तेव्हा तो खरोखरच वाढलेला निघाला. शाळेतला फळा नीट दिसत नाही हे तिने कोणाला सांगितले नव्हते. ताऱ्यांनी ते सांगून टाकले.

सहलीला निघताना

काही गोष्टी पालकांनी आधीच ठरवाव्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी उत्तम. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत धूळ सर्वांत कमी असते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाला घोड्यावर बसवण्याचा आग्रह धरू नये. घोड्याच्या केसांचा आणि कोंड्याचाही त्रास होऊ शकतो. फिरायला सकाळी लवकर निघावे, तेव्हा दवाने धूळ बसलेली असते.

नेरळच्या घाटात वळणे फार आहेत. गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे आणि त्याला पुढे, रस्त्याकडे पाहायला सांगावे. हातात मोबाइल देऊ नये. त्याने मळमळ वाढते.

माकडांना खाऊ घालू नये आणि हातात प्लास्टिकची पिशवी मिरवू नये. माकडाचा दात किंवा नख लागून ओरखडा उठला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना किंवा चुरचुरणारे काही लावू नये.

कड्यांच्या टोकांना सर्वत्र कठडे नाहीत आणि उतारावर जांभ्याचे गोल खडे पायाखालून सरकतात. तेथे मात्र मुलाचा हात धरायचाच. चपला नकोत, चांगली पकड असलेले, आधी थोडे वापरलेले बूट हवेत. उकळलेले पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, ताप व खोकल्याची नेहमीची औषधे आणि मुलाचे खास औषध जवळच्या पिशवीत ठेवावे. मोठ्या उपचारांसाठी खाली उतरावे लागते आणि त्यास वेळ लागतो, याचे भान असू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसाला एकच ठिकाण ठरवावे. माथेरानला तीसहून अधिक पॉइंट आहेत. ते सारे पाहून झाल्याचा हिशेब मोठ्यांना सुखावतो. मुलांच्या पदरात दमणुकीखेरीज काही पडत नाही. मूल थांबले की आपणही थांबावे. त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला यायलाच हवे असे नाही. त्याच्यासोबत वाकून पाहणे पुरते.

परतल्यावर

दोन दिवसांच्या डोंगराने वर्षाचे आरोग्य मिळत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास माथेरानला नव्हे, घराजवळ मिळवायचा असतो. पुण्यातल्या कुटुंबाला वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, नाशिककरांना पांडवलेण्यांचा डोंगर आहे. ज्यांच्या जवळ यांपैकी काहीच नाही त्यांच्या सोसायटीच्या कुंपणापाशी एखादे जुने झाड असते. त्याच्या खोडावर बहुधा काहीतरी उगवलेले असते, मुळाशी काहीतरी खणलेले असते.

जुन्या डॉक्टरांच्या हवापालटात हवेइतकाच वाटा आणखी एका गोष्टीचा होता. रोगी महिनाभर कामाच्या घाईतून सुटून संथपणे चालत असे. मुलांना आपण हवा विकत आणून देऊ शकत नाही, परंतु ही संथ चाल देऊ शकतो. येत्या रविवारी एक तास घड्याळ आणि मोबाइल घरी ठेवून मुलाच्या मागे चालून पाहावे. पुढे त्याने जायचे, मागे आपण.